पुठ्ठ्याचा केक

विलायतेंत लग्न म्हटलें कीं केक हा आलाच. आपल्याकडे अक्षतांवांचून लग्नाची कल्पना करवत नाहीं, त्याचप्रमाणें तिकडील मध्यम स्थितींतील कुटुंबास केकवांचून लग्न लागलेंसें वाटत नाहीं. धर्माच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास केकचा विवाहविधीशीं कांहींएक संबंध नाहीं. देवळांतील धर्मगुरु वधूवरांस त्याविषयीं एक अक्षरही विचारीत नाहीं. परंतु रूढि ही पुष्कळदां धर्माहून चिवट असते. नवरदेवास देवळांत येण्यास थोडा उशीर झाला तर मंडळी वाट पाहतात. केक येणार नाहीं असें कळलें तर मात्र वधूच्या आईची झोंप आठ दिवस आधींच उडते.

१९४० पासून १९५४ पर्यंत ब्रिटनमधील सामान्य गृहिणीनें हा केक कोठून व कसा पैदा केला, ही हकीकत मोठी ऐकण्यासारखी आहे. पैशाची टंचाई तेथें नवी नव्हती. गरिबाच्या घरीं ती सदाचीच. या चौदा वर्षांतील टंचाई निराळी होती. पदरीं पैसा असला तरी दुकानांत वस्तु नसे, आणि वस्तु असली तरी पुस्तकांत कुपन नसे. पैशाच्या टंचाईवर काटकसरीनें मात करतां येते. या दुसऱ्या टंचाईवर मात करण्यास काटकसरीबरोबर कल्पकताही लागते, आणि थोडीशी लबाडीही.

प्रथम हा केक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण आपल्या शहरांतील बेकऱ्यांत जो हलका, फुगलेला, मलईनें माखलेला केक मिळतो तो हा नव्हे. इंग्लंडांतील जुन्या पद्धतीचा लग्नाचा केक जड, काळसर आणि टिकाऊ असतो. त्यांत मैदा असतो तो इतर जिन्नस एकत्र धरून ठेवण्यापुरता. खरा ऐवज म्हणजे मनुका, बेदाणे, साखरेंत मुरविलेली संत्र्यालिंबाची साल, बदाम, लोणी, अंडीं, तपकिरी साखर, दालचिनी, जायफळ, आणि या सर्वांवर ब्रँडी किंवा रम. भाजून झाल्यावर हा केक आठवडेच्या आठवडे गुंडाळून मुरत ठेवतात व मधून मधून त्याला चमचा चमचा ब्रँडी पाजतात. मग त्यावर बदामाच्या लगद्याचा, म्हणजे मार्झिपानचा, जाड थर बसवितात. आणि त्यावर अंड्यांतील पांढरें व पिठीसाखर घोटून केलेला शुभ्र लेप चढवितात. या लेपास तिकडे रॉयल आयसिंग असें नांव आहे. तो वाळला म्हणजे चुनेगच्चीसारखा कठीण होतो. १७६९ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड या बाईनें प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत वधूच्या केकची कृति आहे, तींत बदामाचा थर आणि साखरेचा लेप हे दोन्ही आढळतात. म्हणजे ही रचना अडीचशें वर्षांहून जुनी आहे.

पुढें एकावर एक असे तीन मजले चढविण्याची चाल पडली. तळचा मजला कापून पाहुण्यांस वाटावयाचा. मधल्याचे तुकडे करून लहान लहान डब्यांतून टपालानें दूरच्या आप्तांकडे पाठवावयाचे. आणि सर्वांत वरचा मजला पहिल्या मुलाच्या बारशापर्यंत जपून ठेवावयाचा. अविवाहित मुली केकचा तुकडा उशाखालीं ठेवून निजत. त्या रात्रीं भावी पति स्वप्नांत दिसतो अशी समजूत होती. अशा पदार्थाची किंमत केवळ रुपये-आणे-पैंत मोजतां येत नाहीं, हें उघड आहे.

या रूढीस राजघराण्यानें मोठें खतपाणी घातलें. १८४० च्या फेब्रुवारींत राणी व्हिक्टोरियाचें लग्न झालें, त्या वेळच्या केकचें वजन सुमारें ३०० पौंड होतें. पुढें १८५८ सालीं तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नांत मजल्यावर मजले चढविलेला उंच केक मांडला होता. परंतु त्यांतली मौज अशी कीं, खरा केक होता तो तळाचा, वरचे मजले म्हणजे नुसती साखरेची कारागिरी! खालपासून वरपर्यंत खाण्याजोगा असा मजलेदार केक राजघराण्यांत दिसला तो १८८२ सालीं, राजपुत्र लिओपोल्डच्या विवाहांत. तेव्हां पोकळ मजल्यांची युक्ति गरिबांनीं काढलेली नाहीं. ती राजवाड्यांतून खालीं आली आहे, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८७४ मध्यें साखरेवरील जकात उठली, साखर स्वस्त झाली, आणि कारकुनाच्या व दुकानदाराच्या मुलीच्या लग्नांतही पांढरा मजलेदार केक दिसूं लागला. एका पिढीची चैन ती दुसऱ्या पिढीची अब्रू, हा क्रम सर्वच देशांत सारखा.

अशा स्थितींत १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें. ब्रिटनचें अन्न बहुतांशीं समुद्रापलीकडून येणारें. केकमधील एकेक जिन्नस पाहिला तर त्यांतील क्वचितच एखादा घरचा होता: मनुका व बेदाणे भूमध्य समुद्राकडील आणि ऑस्ट्रेलियांतील, बदाम दक्षिण युरोपांतील, मसाले पूर्वेकडील, साखरेचा मोठा भाग वेस्ट इंडीज बेटांचा. जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या तेव्हां लग्नाच्या केकवर आपसूकच घाला आला. १९४० च्या ८ जानेवारीपासून लोणी, साखर व डुकराचें खारविलेलें मांस हे जिन्नस शिधापत्रकावर मिळूं लागले. साखर प्रथम दर माणशीं आठवड्यास १२ औंस होती, ती लौकरच ८ औंसांवर आली. ८ औंस म्हणजे आपले सुमारें वीस तोळे, पाव शेर. लोणी बहुतेक काळ २ औंस, म्हणजे पांच तोळे. १९४१ च्या जून महिन्यापासून अंडीं वांटून देण्यास आरंभ झाला. दर माणशीं आठवड्यास एक, तेंही आलें तर. सुक्या मेव्यास १९४२ च्या आरंभापासून गुणांची पद्धति लागू झाली. म्हणजे महिन्याच्या ठराविक गुणांत मनुका घ्याव्या कीं डब्यांतील मासे घ्यावे, हें घरच्या बाईनें ठरवावयाचें.

आतां हिशेब करून पाहावा. चार माणसांचें घर आहे. केकच्या तळच्या एका मजल्यास, जुन्या कृतीप्रमाणें, एक पौंड लोणी, एक पौंड साखर, आठदहा अंडीं आणि तीनचार पौंड सुका मेवा सहज लागतो. घरास आठवड्यास लोणी मिळतें ८ औंस. म्हणजे दोन आठवडे चौघांनींही पावास लोणी लावावयाचें नाहीं. अंडीं आठवड्यास चार. म्हणजे अडीच आठवडे कोणीं अंड्यास हात लावावयाचा नाहीं. साखरेचा अर्धा आठवडा गेला. आणि हें झालें एका मजल्याचें. त्यांत मार्झिपान नाहीं, लेपाची दोन पौंड पिठीसाखर नाहीं, ब्रँडी तर नाहींच नाहीं. तिन्ही मजले उभारावयाचे तर त्या घरानें दोनतीन महिने कोरडा पाव आणि बिनसाखरेचा चहा यांवरच काढावे लागते.

लेपाचा प्रश्न मात्र सरकारनें परभारेंच निकालांत काढला. १९४० च्या ऑगस्टमध्यें अन्नखात्याच्या हुकुमानें केकवर साखरेचा लेप चढविण्यास बंदी झाली. हजारों मैलांवरून खलाशांच्या जिवावर आणलेली साखर शोभेकरितां खर्चूं नये, हा विचार. आणि तो चूक होता असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु योग असा कीं, त्याच १९४० सालीं इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें ४ लाख ७० हजार विवाह झाले. त्यापूर्वीं एका वर्षांत इतके कधींच झाले नव्हते. तरुण सैन्यांत चालले होते. उद्यां काय होईल तें ठाऊक नव्हतें, म्हणून लग्नें आजच उरकून घेण्याकडे कल होता. केक सर्वांत दुर्मिळ झाला तेव्हांच त्याची गरज सर्वांत अधिक होती.

समजा, १९४३ सालचें लंडनच्या पूर्व भागांतील एक घर आहे. मुलीचें लग्न नौदलांतील एका तरुणाशीं ठरलें आहे. तिथि मात्र ठरलेली नाहीं, कारण ती ठरविणें कोणाच्याच हातीं नाहीं. त्याला रजा मिळेल ती अट्ठेचाळीस तासांची, आणि तिची तार येईल ती आदल्या दिवशीं. केकला तर मुरण्यास आठवडे हवेत. तेव्हां आई तिथीची वाट पाहत नाहीं. ती महिन्याच्या गुणांतून मूठ मूठ मनुका घेऊन डब्यांत टाकीत जाते. स्वतःच्या चहांतील साखर ती बंद करते. बापही पुढें करतो, पण कुरकुर करीत. शेजारीण एक वाटी साखर आणून देते, मावशी अंड्याच्या भुकटीचा डबा. बाँबच्या वर्षावांत घर उरलें तर केक उरेल, म्हणून भुयारी आसऱ्यांत जातांना ती डबा बरोबर नेते. घरांत सारे त्या केकविषयीं बोलतात. ज्याच्यासाठीं तो करावयाचा तो समुद्रावरून परत येईल कीं नाहीं, याविषयीं कोणी बोलत नाहीं. केकची काळजी ही त्या मोठ्या काळजीवर घातलेलें पांघरूण होय, हें आईला ठाऊक आहे, मुलीलाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या दोघी मनुका पुन्हां पुन्हां मोजतात.

अशा घरांस मदत करण्याचें काम तेथील नभोवाणीनें चांगलें केलें. १९४० च्या जूनपासून बी. बी. सी. वर 'किचन फ्रंट' नांवाचा कार्यक्रम रोज सकाळच्या बातम्यांनंतर होत असे. मिळेल त्या जिन्नसांत भागवावें कसें, हें त्यांत सांगत. एल्सी व डोरिस वॉटर्स या दोघी विनोदी नटी बहिणी, गर्ट आणि डेझी या आपल्या प्रसिद्ध सोंगांत, या कार्यक्रमांत येत. पोटाचा प्रश्न हंसत हंसत ऐकवावा, हें अन्नखात्यास कळलें होतें.

युक्त्या तरी किती! गाजर किसून केकमध्यें घालीत. गाजरास स्वतःची गोडी असते व ओलावाही. आपल्याकडील गाजरहलव्याची आठवण झाली तर ती अस्थानीं नव्हे. मनुकांच्या जागीं सुकविलेले आलुबुखार बारीक चिरून घालीत. चिरलेला तुकडा काळ्या केकांत कोणाचा कोण तें ओळखूं येत नाहीं. असलेला मेवा कोऱ्या चहांत भिजवून फुगवीत. केकला जो काळसर रंग फळांनीं व तपकिरी साखरेनें यावयाचा, तो रश्श्यास रंग देण्याच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून आणीत. ताज्या अंड्यांऐवजीं अमेरिकेहून आलेली भुकटी. तिचें बारा अंड्यांच्या बरोबरीचें एक पुडकें चार आठवड्यांस मिळे. एक मोठा चमचा भुकटी आणि दोन चमचे पाणी, कीं झालें एक अंडें. चवीविषयीं मतें भिन्न होतीं, आणि ज्यांनीं तीं खाल्लीं त्यांचीं तीं पुढें जन्मभर भिन्नच राहिलीं. बदाम दुर्मिळ झाल्यामुळें मार्झिपान सोयाबीनच्या पिठाचें. तें मार्गारिनमध्यें मळून, थोडी साखर व बदामाच्या अर्काचे थेंब घालून लाटीत. नाकाला बदाम, जिभेला सोयाबीन. मार्गारेट पॅटन नव्हे, मार्गरीट पॅटन या नांवानें पुढें विख्यात झालेल्या पाककुशल बाई त्या काळीं अन्नखात्यातर्फे अशाच पाककृति स्त्रियांना शिकवीत हिंडत. त्या २०१५ सालीं वारल्या, आणि तोंवर या काळाविषयीं त्यांचा शब्द प्रमाण मानला जात असे.

एवढें करून जो केक तयार होई तो एक मजल्याचा, वीतभर रुंदीचा, काळासांवळा आणि उघडाबोडका. चवीस तो वाईट नसे. भुकेल्या तोंडास गोड लागेच. परंतु मेजावर मांडला कीं तो लग्नाचा दिसत नसे. येथें त्या पोकळ मजल्यांची आठवण बेकरीवाल्यांस झाली.

त्यांनीं पुठ्ठ्याचीं झांकणें करविलीं. बाहेरून पाहावें तों तीन मजले, खांब, झालरी, गुलाब, सर्व कांहीं यथास्थित; पांढरा लेप मात्र साखरेचा नसून प्लास्टर ऑफ पॅरिसचा. हें झांकण भाड्यानें मिळे. तें त्या लहानशा खऱ्या केकवर टोपलीसारखें ठेवावयाचें. कांहीं झांकणांस खालच्या अंगास एक लहान खण असे, त्यांत केक सरकवून ठेवण्याची सोय. वधूवर सुरी हातीं धरून उभे राहत, छायाचित्र निघे, मंडळी टाळ्या वाजवीत; मग झांकण उचलून बाजूस ठेवीत आणि आंतील केकचे पातळ काप पाहुण्यांस मिळत. संध्याकाळीं झांकण बेकरीवाल्याकडे परत, कारण दुसऱ्या दिवशीं तें दुसऱ्या लग्नास जावयाचें असे. शेंकडों वधूंनीं एकाच केकवर सुरी धरली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

यास कोणी दांभिकपणा म्हणेल. परंतु दंभ म्हणजे दुसऱ्यास फसविणें. येथें फसत होतें कोण? त्या खोलींतील प्रत्येक पाहुण्यास पुठ्ठा ठाऊक होता. त्यांतील निम्म्यांनीं तर आपल्या घरच्या लग्नांत तोच पुठ्ठा आणला होता. सर्वांच्या संमतीनें उभी केलेली ही एक नाटकी शोभा होती, आणि आपल्याकडे मखरास कोणी दांभिक म्हणत नाहीं. फसला असेल तर तो पुढचा इतिहासकार. त्या काळच्या लग्नाचीं छायाचित्रें पाहून, युद्धांतही इंग्रज लोक तीन मजली केक उडवीत होते असा निष्कर्ष कोणी काढला तर तो साफ चुकेल.

युद्ध १९४५ मध्यें संपलें, टंचाई संपली नाहीं. उलट जो पाव सबंध युद्धांत मोकळा मिळत होता, तो १९४६ च्या जुलैपासून दोन वर्षें कुपनावर गेला. याच दिवसांत, २० नोव्हेंबर १९४७ रोजीं, राजकन्या एलिझाबेथचा विवाह झाला. राजकन्येच्या पोषाखासही कुपनें लागत होतीं. देशांतील स्त्रियांनीं आपलीं कुपनें तिच्याकडे पाठविलीं. परंतु एकाचें कुपन दुसऱ्यानें वापरणें कायद्याविरुद्ध, म्हणून तीं परत करावीं लागलीं. केकची अडचण ऑस्ट्रेलियांतील बालवीर मुलींनीं दूर केली. त्यांनीं तिकडून जिन्नस पाठविले आणि मॅकव्हिटी अँड प्राइस या कंपनीनें चार मजल्यांचा, नऊ फूट उंचीचा, सुमारें ५०० पौंडांचा केक केला. दहा हजार मैलांवरून आलेल्या जिनसांचा म्हणून लोक त्याला 'दहा हजार मैलांचा केक' म्हणूं लागले. कांहींच्या डोळ्यांत तो खुपला असेल. परंतु परदेशांतील नातलगाच्या पुडक्यावर आपल्या मुलीचा केक करणें हें त्या वेळीं सामान्य घरांतही चाललेंच होतें. राजकन्येचें पुडकें थोडें मोठें होतें इतकेंच.

टंचाईची ही जात आपल्याकडेही अपरिचित नव्हती. मुंबईंत १९४३ च्या मे महिन्यापासून धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. त्या पार्श्वभूमीवर लंडनच्या आईचें दुःख लहान आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. केकपुरतें बोलावयाचें तर गोव्यांतील आणि वसईकडील ख्रिस्ती घरांतही लग्नास हा केक होतो. तेथें महागड्या बदामाच्या जागीं काजूचें मार्झिपान करतात. ही मात्र टंचाईची तडजोड असें सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. काजूचें मार्झिपान चवीस बदामाहून रतिभरही उणें नसतें.

ब्रिटनमध्यें साखर मोकळी झाली ती १९५३ च्या सप्टेंबरांत, आणि शिधापत्रक सर्वस्वीं गेलें तें ४ जुलै १९५४ रोजीं. पुठ्ठ्याचीं झांकणें अडगळींत पडलीं. तथापि ती युक्ति मेली नाहीं. आज लंडनला काय किंवा मुंबईला काय, उंच केक हवा पण खर्च बेताचा हवा असें गिऱ्हाइकानें म्हटलें, कीं कारागीर वरचे मजले थर्मोकोलचे घालतो, त्यांवर खरा लेप चढवितो आणि पाहुण्यांसाठीं साधे चौकोनी केक आंत स्वयंपाकघरांत कापून आणतो. यांत बचत होते ती मुख्यतः जिनसांची. साखरेच्या फुलांची मजुरी मात्र पुठ्ठ्यावरही तितकीच पडते व थर्मोकोलवरही तितकीच. म्हणून ज्याला खरोखर खर्च कमी करावयाचा आहे तो फुलें कमी करतो किंवा बागेंतलीं ताजीं, बिनविषारी फुलें आणतो, आणि मजल्यांना हात लावीत नाहीं.

त्या १९४३ सालच्या घरीं तार आली तेव्हां केक सहा आठवड्यांचा झाला होता. आईनें डबा उघडला, वास घेतला, आणि बापाला झांकण आणण्यास बेकरींत पिटाळलें. बेकरीवाल्याकडे त्या दिवशीं एकच झांकण शिल्लक होतें. त्याच्या मधल्या मजल्याचा एक गुलाब पडलेला होता. तो भाग भिंतीकडे करून ठेवावा, असें त्यानें बापाला बजावलें, आणि सोमवारीं सकाळीं नऊच्या आंत परत आणण्यास सांगितलें.